गुडघेदुखीसकट चांदोली

हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना झेपेल अशी जंगलाची सहल ठरवायची होती. पण आमच्या घरात ‘सगळे’ म्हणजे सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरून बसणारी आई, साताऱ्याची ताई आणि दाजी, आणि नववीतला भाचा. त्याला जंगलात वाघ सोडून दुसरं काहीच बघायचं नव्हतं.

दाजींनी पहिल्या झटक्यात वासोट्याचं नाव घेतलं. बामणोलीहून शिवसागरातून लाँचनं जायचं, मेट इंदवलीला उतरायचं आणि कोयना अभयारण्यातून गड चढायचा. हिवाळ्यात ही वाट फार देखणी असते, यात वाद नाही. पण चढ चांगला दीड-दोन तासांचा, आणि आमच्या आईचे गुडघे घरचा जिना चढतानाच बोलायला लागतात. ताईनं मग नवजाचं नाव काढलं. तिथला ओझर्डे धबधबा बघावा तो पावसाळ्यात. थंडी वाढत जाते तशी त्याची धार बारीक होते. मी चांदोली सुचवलं. परवानगी काढली की आत गाडी जाते, हा माझा एकमेव आणि बिनतोड मुद्दा होता.

“म्हणजे तुमच्या सांगलीचंच जंगल होय,” ताई फोनवर म्हणाली. खरं तर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून 2010 मध्येच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, त्यामुळे भावाबहिणीला भांडायला जागा उरलेली नाही. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. सव्वातीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपासचं हे रान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या कडेनं पसरलंय. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यांत कास आणि कोयनेबरोबर हेही आहे.

मुक्कामाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, “मी माझ्या अंथरुणात झोपते आणि म्हणाल तेवढ्या लवकर उठते.” विषय संपला. नाताळ आणि वर्षअखेरीची गर्दी टाळून जानेवारीतला मधला वार धरला. वन विभागाकडे आधी चौकशी केली: कुठला रस्ता चालू आहे, कुठली गाडी आत सोडतात, किती वाजता फाटकाशी हजर राहायचं. पावसाळ्यात उद्यान बंदच असतं आणि नंतरही आतल्या वाटा दरवर्षी सारख्या राहत नाहीत, म्हणून हा फोन करावाच लागतो.

आमच्या भागात हिवाळी प्रवासाचा खरा शत्रू थंडी नसून ऊस असतो. हंगाम जोरात असला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवून डुलत जातात. म्हणून अंधारातच निघालो. साताऱ्याची मंडळी महामार्गानं पेठ नाक्यावर आली, आणि पुढं शिराळा, कोकरूड, चरण, आरळा करत मणदूर गाठलं. डब्यात भाकरी, खर्डा, दही आणि भडंग. सगळं स्टीलच्या डब्यांत भरलेलं, कारण प्लास्टिक आत न्यायचंच नाही असं ठरलं होतं.

नोंदणी झाली, स्थानिक वाटाड्या पुढं बसला आणि गाडी लाल मातीच्या रस्त्याला लागली. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाट सावलीत सकाळीही दिवे लावावेत असं वाटतं. मधेच शेंड्यावर शेकरूचं घरटं दिसतं. मग झाडी एकदम संपते आणि झोळंबीचा सडा समोर येतो: जांभ्या दगडाचं उघडं पठार, वाळलेलं पिवळं गवत आणि खाली वसंतसागर. आई गाडीतून उतरली, काठी टेकून कडेपर्यंत गेली आणि विचारलं, “ही आपल्या हरिपूरची वारणा का रं?” तीच. पाथरपुंजाकडं उगम पावून, चांदोलीच्या धरणात 34.40 टीएमसीपर्यंत साठून, मग हरिपूरला कृष्णेला मिळणारी. सांगलीत पुराच्या दिवसांत जिच्या विसर्गाचे आकडे आम्ही धसक्यानं ऐकतो, ती इथं निवांत होती.

परतताना एका मोकळवनात गवे चरत होते. वाटाड्यानं गाडी बंद करायला लावली. ही कधीकाळची भातखाचरं. धरण आणि अभयारण्यामुळं गावं उठली, माणसं खाली पुनर्वसनात गेली. शेतांत गवत वाढलं, ते गव्यांना मिळालं. परड्यातले आंबे-फणस तेवढे जागेवर आहेत. “आमचंबी गाव आतच हुतं,” वाटाड्या म्हणाला आणि पुढं बोलला नाही.

भाच्याचा वाघ काही दिसला नाही. तो आहे याची साक्ष कॅमेऱ्यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 च्या अखेरीस दिली आहे. 2025 मध्ये ताडोब्याहून एक वाघीणही इथं आणली गेली. पण थंडीत ओढ्याओढ्याला पाणी असतं, त्यामुळं जनावर एका पाणवठ्याला बांधलेलं नसतं. ते दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त. वाटाड्यानं त्याला चार शब्दांत समजावलं, “वाघ बघायचा आसंल तर ताडोब्याला जावा. हितं रान बघा.” भाच्यानं उरलेला रस्ता खरंच रान बघण्यात काढला. माती ओलसर होती तिथं उमटलेले सांबराचे खूर आम्हाला त्यानंच दाखवले.

वासोटा दाजींच्या यादीत अजून आहे. ते आणि भाचा जातील. पण घर सगळं घेऊन जायचं असेल तर बेत घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला विचारून आखा. सुट्ट्यांची गर्दी टाळा, परवानगीची चौकशी आधी करा, उसाच्या ट्रॅक्टरांआधी रस्त्याला लागा आणि दिवसात एकच फाटक धरा. आमच्या आईला चांदोली झेपलं, तेव्हा तुमच्या घरातही कुणाला अडचण येऊ नये.