सोपा धबधबा

कोणी एखाद्या गोष्टीला 'सोपी' म्हणाले की मी आधी त्याचे वय विचारतो. 'अहो, अगदी सोपं आहे' हे वाक्य मी आयुष्यात तिघांकडूनच मनापासून म्हटलेले ऐकले : अकाउंटन्सी शिकवणारे आमचे प्राध्यापक, इंजेक्शन देणारी नर्स आणि शाखेत नवीन लागलेला चोवीस वर्षांचा क्लार्क. पहिल्या दोघांचा हिशेब केव्हाच मिटला. तिसऱ्याने भिवपुरीचा धबधबा काढला.

त्याचे असे झाले, आमचे कॅशियर अण्णा ३१ ऑगस्टला निवृत्त होणार. सदतीस वर्षे काचेआड बसून या माणसाने पाऊस पाहिला तो लोकांच्या ओल्या नोटांवर. जुलैत एकदा अशाच नोटा पंख्याखाली वाळत घालताना ते सहज बोलून गेले, "एकदा धबधबा बघायचा होता हो, जवळून." झाले! शाखेने मनावर घेतले.

"भिवपुरी! अगदी सोपं," नवा क्लार्क म्हणाला. "कर्जत लोकल धरायची, नेरळनंतरचं स्टेशन. उतरलं की शेतातनं, झाडीतनं अर्धा तास."

अर्धा तास खरा, पण कोणाचा? व्याजाचा दर सांगून मुदत न सांगण्यापैकीच हे! मी पडलो बी. कॉम. मला आकडा लागतो. शोधता शोधता विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा हाती लागला. तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. सूत्र सरळव्याजासारखे सुटसुटीत आहे. पण त्यात भाताच्या बांधावरचा चिखल धरलेला नाही, सेल्फी धरलेली नाही आणि अण्णांचा डावा गुडघा तर मुळीच धरलेला नाही. मग मी घरचेच माप घेतले. बँकेपासून स्टेशन मला दहा मिनिटे, अण्णांना पंचवीस. म्हणजे अडीचपट. अर्ध्या तासाचा झाला सव्वा तास. येताना पाव तास जादा, कारण दुखरा गुडघा चढापेक्षा उताराला जास्त कुरकुरतो. हे मला अण्णांनी नव्हे, आमच्या शाखेच्या जिन्याने शिकवले.

दिवस ठरला ऑगस्टचा दुसरा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा नि चौथा शनिवार सुट्टी असते. अडचण एवढीच, की ती सगळ्याच बँकांना असते. उशीर केला तर पाण्यापेक्षा बँक कर्मचारीच जास्त अंगावर पडायचे! म्हणून पहाटेची गाडी.

नियोजनाची बैठक पाऊण तास चालली. पैकी अर्धा तास वड्यांवर गेला. वडा खावा तर कर्जत स्टेशनचा, आणि कर्जत पडते भिवपुरीच्या पुढे. धबधबा ओलांडून वड्याला जायचे आणि वडा खाऊन धबधब्याला मागे यायचे, असा एक प्रस्ताव आला. तो दोन मतांनी पडला. शेवटी पोळी-भाजी.

कामाचे बोलला तो एकटा आमचा शिपाई. तो कर्जत तालुक्यातलाच. म्हणाला, "आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करा. पावसात कधीकधी कलेक्टरची बंदी असते, स्टेशनातनंच माघारी धाडतात. चपला नकोत, खाली खाचा असलेले बूट घाला. आणि पाण्याकडे बघत राहायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, की फोटो अर्धा टाकायचा आन् भायेर! जाताना जेवढे ओढे ओलांडाल तेवढे येतानाही ओलांडायचेत, आन् तवर ते तेवढेच राहत नाहीत."

कोणी हसले नाही. बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडते तेव्हाही आधी दारात दोन-चारच माणसे दिसतात; हे आम्हांला कोणी समजावायला नको होते. मी मुकाट्याने लिहून घेतले : पहिला ओढा घोट्याच्या वर असेल तर तिथूनच परत.

अण्णा एवढा वेळ गप्प होते. "तिथं बसायला काही असतं का?" त्यांनी हळूच विचारले.

"दगडांना काय तोटा, अण्णा!" शिपाई म्हणाला. "पार पाण्यापर्यंत जायलाच कशाला पाहिजे? अलीकडे जिथनं दिसेल तिथं बसू."

नव्या क्लार्कचा चेहरा जरा उतरला. धबधब्याखाली उभे राहायचे त्याच्या मनात होते, आणि चोवीस वर्षांच्या माणसाने दुसरे काय मनात आणावे? पण पोरगा चांगला. दोन मिनिटांनी म्हणाला, "मी थांबतो अण्णांबरोबर. पिशव्या सांभाळायला कुणीतरी लागणारच."

मग सगळा आराखडा पुन्हा लिहिला. 'धबधबा' खोडून 'अण्णांचा दगड' घातले. तो कुठे आहे ते गुडघा सांगेल. दर वीस मिनिटांनी थांबा आणि ढग कसेही असोत, साडेदहाला परतीची वाट.

शुक्रवारी रोकड जुळवून झाल्यावर अण्णा माझ्या टेबलापाशी आले आणि घडी घातलेला कागद ठेवून गेले. दुसरा शनिवार सुट्टीचाच असतो, हे सदतीस वर्षे रोकड सांभाळणाऱ्या माणसाला मी काय सांगणार! रजेचा अर्ज होता, एक दिवसाचा. कारणाच्या रकान्यात त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते : 'धबधबा'.