भाषा एक, राज्यं दोन

नांदेड,
८ जून

चि. सायली,


तुझ्या मेलबर्नच्या ऑफिसातले दोघं सहकारी घरी तेलुगूच बोलतात, तरी एक स्वतःला तेलंगणाचा म्हणवतो आणि दुसरी आंध्रची. भाषा एक असताना राज्यं दोन का, हा तुझा प्रश्न आपल्याही घरचा आहे. १९५६पर्यंत आपलं नांदेड आणि तेलंगणातलं वरंगल एकाच हैदराबाद राज्यात होती. भाषेनुसार त्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्रला जोडला गेला.

तेलंगणा आंध्रला जोडण्याची घाई करू नका, असं राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचं म्हणणं होतं. इंग्रजी अमलातल्या आंध्रच्या किनारपट्टीवर शिक्षण आधी पोचलेलं, निजामी तेलंगणा मागे. नोकऱ्या आणि पाणी आपल्या हातून जाईल, ही तिथल्या लोकांची धास्ती आयोगाने नोंदवली. तिच्यावर उतारा म्हणून फेब्रुवारी १९५६मध्ये दोन्हीकडच्या नेत्यांनी करार केला. तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्चायचा, नोकऱ्यांत स्थानिकांना संरक्षण द्यायचं, मुख्यमंत्री एका भागाचा तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा. पण पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नव्हता!

१९६९ साली वेगळ्या तेलंगणासाठी उस्मानिया विद्यापीठातली मुलं रस्त्यावर उतरली. गोळीबारात कितीतरी तरुण गेले. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणा प्रजा समितीने तिथल्या १४पैकी १० जागा जिंकल्या, तरी राज्य मिळालं नाही. २००९मध्ये तेलंगणाचे नेते के. चंद्रशेखर राव याच मागणीसाठी उपोषणाला बसले, तेव्हा केंद्राने प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली आणि आंध्रातून विरोध होताच पाऊल मागे घेतलं. २०११मध्ये शिक्षक, बसचालक, सिंगरेणीचे कोळसा कामगार असे सगळे संपावर गेले; हा संप ४२ दिवस चालला.

नवं राज्य करण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिलाय. विधानसभेचं मत विचारावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. म्हणूनच आंध्र विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळूनही ते फेब्रुवारी २०१४मध्ये संसदेत मंजूर झालं. २ जूनला तेलंगणा देशाचं २९वं राज्य झालं.

मागास भागाला सोबत घेताना दिलेला शब्द पाळला नाही, तर पुढे एक भाषाही माणसांना बांधून ठेवत नाही, असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात सामील होण्यासाठी १९५३च्या नागपूर कराराने मराठवाड्यालाही असाच शब्द मिळालाय. म्हणून हे सारं आपण विसरू नये.

त्या मुलाला १९६९बद्दल जरूर विचार. पण त्या मुलीचंही ऐकून घे. ५८ वर्षं जी राजधानी आपली मानली ते हैदराबाद तिच्या लोकांच्या हातून गेलं आणि त्यांना नव्या राजधानीपासून सुरुवात करावी लागली. दोघांचं ऐकल्याशिवाय कुणाचीही बाजू घेऊ नकोस.

तुझी,
आत्या