गुलाबीत लपलेलं पांढरं

आजीची पांढरी गुलबक्षी मागच्या वर्षी अंगणात फरशी बसवताना गेली. गवंड्याने फोन केला तेव्हा मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो; ‘हो, काढून टाका’ असं मीच म्हणालो. आजी मला काही बोलली नाही. संध्याकाळी देवाला फूल नाही, एवढंच आत्याला म्हणाली.

मस्तगडातल्या आमच्या घरामागे भिंतीलगत एक गुलाबी झाड उरलं होतं. आजीच्या मते ते तिच्या पांढऱ्याचंच पोर, पलीकडच्या लाल झाडापासून झालेलं. रंग तपासून ते कळेल असं मला वाटलं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लगेच जांभळं होतं. गुलबक्षीच्या पाण्यात पिळलं, जवळपास काहीच नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तीनदा केलं. मग वाचलं: गोकर्णात अँथोसायनिन असतं, गुलबक्षीत बीटालेन, म्हणजे बिटाच्या घरातलं. दोन्ही एकाच झाडात आजवर सापडलेली नाहीत. पाकळीत काय आहे ते कळलं, पण पांढरा म्हणजे रंग नसणंच. नसलेलं कसं शोधायचं?

जालना बियाण्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको इथेच सुरू केली. आत्याने तरुणपणी एका सीड प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग केलंय: संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. ती म्हणाली, “पाकळ्या कशाला कुस्करायलास? बी धर, पेर, कळंल.”

जर्मनीत कार्ल कोरेन्सनेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुलबक्षीचं बीच पेरून पाहिलं होतं. लाल-पांढऱ्याची पहिली पिढी गुलाबी. तिच्या बियांतून सरासरी चारात एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं.

पतंगांनी बाहेरचा पराग आणू नये म्हणून कळ्यांना मलमलच्या पिशव्या बांधल्या. एका फुलाला एकच बी, काळ्या मिऱ्यासारखं. आठ रोपं जगली, सात फुलली: दोन लाल, पाच गुलाबी. लाल निघालं, म्हणजे गुलाबी झाड मिश्र आहे. सातांत एकही पांढरं न येण्याची शक्यता साधारण 13 टक्के, हे मी आजीला समजावून सांगितलं.

“आठवं कधी फुलणार?” तिने विचारलं.

त्याला आता कळी आलीय. चार वाजले की आजी तिथे खुर्ची टाकून बसते.