रोरी स्टॉर्मचा मृदंगवाला

मागच्या रविवारी आमच्या गावाहून, इंझोरीहून, मोठ्या काकांचा फोन आला तेव्हा माझ्या घरात रेकॉर्ड वाजत होती. काकांनी थोडा वेळ कान दिला आणि विचारलं, "हे कोन्तं मंडळ हाये रे?"

बँड हा शब्द काका लग्नाच्या वरातीसाठी राखून ठेवतात. चार जण एकत्र येऊन गायले की ते मंडळ. लिव्हरपूलमध्ये बारा वर्षं काढल्यावर मला त्यांचाच शब्द बरोबर वाटायला लागलाय.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात अशी शेकडो मंडळं होती. पर्यटक त्यातल्या एकाच मंडळासाठी, बीटल्ससाठी, येतात. मॅथ्यू स्ट्रीटवर लेननच्या पुतळ्याशी फोटो काढतात आणि केव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरतात. मूळचा केव्हर्न 1973 साली बंद पडला, आजचा नंतर बांधलेला, हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही पाहुण्यांना शेवटीच सांगतो. माझा स्वतःचा ओढा मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे असतो. बीटल्स काचेच्या कपाटात कुलपाआड, बाकीचे या खोक्यात. सर्चर्स, मर्सीबीट्स, बिग थ्री, स्विंगिंग ब्लू जीन्स. त्यातून 'नीडल्स अँड पिन्स' ही सर्चर्सची 1964 सालची रेकॉर्ड मी उचलली. तेव्हा हे गाणं इथे पहिल्या नंबरावर होतं. नीट ऐकलं तर ढोलाच्या पायपट्टीची करकर मध्येच ऐकू येते. कुणी तेलाचा थेंब सोडला नाही, आणि ती करकर कायमची गाण्यात राहिली. आमच्या देवळातल्या पेटीचा भाता असाच श्वास टाकायचा.

या सगळ्यांकडे गाणी बहुतेक तीच होती, अमेरिकेतून आलेली. तुकोबांचा एकच अभंग दहा मंडळांनी म्हणावा तसं. शब्दांवरून भांडण नव्हतंच. भांडण चालीचं, आवाजाचं, आणि आधी कोण म्हणालं याचं. 'डू यू लव्ह मी' हे गाणं इथे फॅरन्स फ्लेमिंगोज गाजवत होते. त्यांनी ते रेकॉर्डवरही काढलं, पण कंपनीने मागच्या बाजूला टाकलं. 1963 मध्ये तेच गाणं ब्रायन पूल आणि ट्रेमेलोजने पहिल्या नंबरावर नेलं. हे ट्रेमेलोज लंडनकडचे. 1962 च्या सुरुवातीला डेक्का कंपनीने बीटल्सना नाकारून घेतलं होतं ते यांनाच.

चाल उचलण्याच्या बाबतीत आपणही सोवळे नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' कानावर पडलं आणि मी शेजारच्या माणसाला सांगून बसलो, की हे तर आमच्या शम्मी कपूरचं! 1965 च्या 'जानवर'मधली ती चाल मी लहानपणी लग्नाच्या भोंग्यावर इतकी ऐकली होती, की बीटल्सच मला नकलाकार वाटले.

पण मला खरा भेटला तो रोरी स्टॉर्म. मूळ नाव ॲलन काल्डवेल. बोलताना अडखळायचा, गाताना अजिबात नाही. 'हरिकेन्स' हे त्याचं मंडळ एकेकाळी बीटल्सच्या वर गणलं जायचं. 'मर्सी बीट' या पाक्षिकाने लोकांची मतं मागवली. जानेवारी 1962 मध्ये निकाल लागला तेव्हा बीटल्स पहिले, गेरी अँड द पेसमेकर्स दुसरे. संपादक बिल हॅरी यांनी पुढे सांगितलं, की हिरव्या शाईतल्या मतांचा एक गठ्ठा बाद केला, नाहीतर रोरी पहिला आला असता. बीटल्सनीही स्वतःला मतं टाकली होती. त्यांची शाई वेगवेगळी असावी, एवढंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सनी रोरीचा ड्रमवाला उचलला. त्याचं नाव रिंगो स्टार.

हे वाचलं आणि मी सरळ आमच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन पोचलो. इंझोरी तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला 1998 साली. गावात दोन भजनी मंडळं, एक वरच्या वेटाळातलं, एक खालच्या. आम्ही खालचे. सप्ताहात बारी लागली की समोरच्यांनी सोडलेली पट्टी एका सुराने चढवायची, ही आमची हौस. एका वर्षी आमचा मृदंगवाला वरच्यांकडे गेला. भांडण नाही, काही नाही. त्यांच्याकडे मृदंगाला नवीन शाई भरून आणली होती, एवढंच कारण. आमचे बुवा त्या रात्री नुसत्या टाळांवर गायले. काका म्हणतात, तसं गाणं पुन्हा झालं नाही. मी सात-आठ वर्षांचा होतो, झोपलो होतो.

रोरीने रिंगोला अडवलं नाही. तो गात राहिला, पण रेकॉर्डी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच निघाल्या. 1964 साली बीटल्सचाच व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाईन याने त्याचं 'अमेरिका' काढलं, चाललं नाही. 1972 मध्ये तो गेला, चौतिसाव्या वर्षी. मला त्याचं गाणं फार थोर वाटत नाही, हेही सांगून टाकतो. बिग थ्री त्याच्याहून दणकट वाजवत, सर्चर्स त्याच्याहून गोड गात. पण तो समोर उभा असल्याशिवाय बीटल्सना एवढा जोर काढावा लागला नसता. या शहरात वैर आणि सोयरीक शेजारी राहत. ऑक्टोबर 1961 मध्ये लिदरलँडच्या टाउन हॉलमध्ये बीटल्स आणि गेरीचं मंडळ एका रात्रीपुरतं एकत्र वाजलं, 'बीटमेकर्स' या नावाने. आमच्याकडे हे दरवर्षी काल्याच्या दिवशी व्हायचं.

फोनवर हे सगळं ऐकून, "मंग त्या रोरीचं गानं तुले सापडलं कुठून?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. 1960 सालच्या त्याच्या एका कार्यक्रमाची टेप बहिणीच्या घराच्या तळघरात पडून होती. 2012 मध्ये तिची सीडी निघाली. ड्रमवर रिंगोच आहे.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्या सप्ताहाचं कोनीतरी टेप केलतं बे. मानोऱ्याचा एक जन टेपरेकॉर्डर घेऊन आल्ता."

तर हे वाचणाऱ्यांपैकी इंझोरी, मानोरा, कारंजा भागातल्या कुणाच्या माळ्यावर भजनाच्या जुन्या कॅसेटी असतील, तर कृपा करून त्या भंगारवाल्याला देऊ नका. बुरशी लागली असली तरी चालेल. मृदंग नसलेली असेल, तर आधी कळवा.