जोड साडेचारला लागते तेव्हा

अक्कलकोट तालुक्यातल्या जत्रेत कुस्त्यांचा फड भर दुपारी सुरू होतो, तो रेवड्यांवर. लंगोटही नीट बांधता न येणारी पोरं मातीत उतरतात, जिंकलेलं पोरगं मूठभर रेवड्या घेऊन आजोबांकडे पळतं. मग नारळाच्या कुस्त्या, पन्नासच्या, शंभरच्या, पाचशेच्या. ऊन कलेल तसं इनाम चढत जातं. शेवटची जोड उतरते तेव्हा दिवस मावळतीला आलेला असतो आणि हलगीवाल्याच्या अंगात आलेलं असतं. सीमेचा मुलूख असल्यामुळे सोलापूर-लातूरच्या पैलवानांच्या जोडीला कलबुर्गी-विजयपूरकडचेही असतात. ओरडा अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. कुणाचं काही अडत नाही.

पैलवानाची अख्खी कारकीर्द या एका दुपारीवर मोजता येते. पोरवयात तो टळटळीत उन्हात लढतो. अंग भरलं, डावात सफाई आली की पंच कमिटी त्याची कुस्ती पुढे सरकवते. उमेदीची चार-दोन वर्षं शेवटच्या कुस्तीचा मान. मग पस्तिशीच्या आगेमागे एखाद्या वर्षी त्याची जोड पुन्हा साडेचारला लागते. कुणी काही बोलत नाही. इनामाचा आकडा गेल्या सालापेक्षा उतरलेला असतो, एवढंच. पुढच्या साली तो हात वर करून मैदानाला फेरी मारतो आणि जोडच मिळत नाही.

इतर खेळांत निरोपाचा थाट असतो. १८ एप्रिल १९९९ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेन ग्रेट्झकी हा आइस हॉकीपटू शेवटचा सामना खेळला. वय ३८, लीगमधले सामने १,४८७, गोल ८९४. त्याचा ९९ हा क्रमांक त्या लीगमध्ये यापुढे कुणालाही मिळणार नाही. मातीतल्या पैलवानाला क्रमांकच नसतो, तेव्हा निवृत्त करायचा तरी कशाला?

आधी जाते ती ताकद, असा बघ्यांचा समज. खरं तर ताकद बरीच टिकते. जातो तो दम, आणि कमरेचा झटका. ढाक मारायची तर समोरच्याचा हात बगलेत अडकवून, पाय टाकून, क्षणात गर्रकन फिरावं लागतं. चाळिशीतल्या पैलवानाला ती संधी विशीतल्या पोराच्या आधी दिसते, पण कंबर मागाहून पोचते. मग शहाणा गडी डाव बदलतो. दस्ती खेचून समोरच्याला खाली घ्यायचं, पाठीवर बसून वजन टाकत त्याला दमवायचं आणि घिश्श्याची वाट बघायची. लोक ओरडतात, ‘उठा की पैलवान, झोपलाय काय!’ त्या ओरड्याखाली जे चाललेलं असतं ते कुस्तीतलं सगळ्यात कसबाचं काम आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत. तिकिटाला ते परवडत नाही, हेही खरं.

दुसरी अडचण ताटातली. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा खुराक हजारभर जोर-बैठका पचवतात. मेहनत एका महिन्यात सुटते, भूक सुटत नाही. मोडलेले कान तसेच राहतात, गुडघे बोलू लागतात, पोट पुढे येतं. पैलवानकीचा सगळ्यात अवघड डाव हा जेवणाच्या पानावर असतो आणि तो तालमीत कुणी शिकवत नाही.

पोटाची सोय हा तर जुनाच प्रश्न. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, तिथूनच सेवानिवृत्त झाले आणि १९८४ मध्ये रस्ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, तोही दीड दशक उलटल्यावर. पुढच्या काळात वारणेसारख्या साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं, सरकारी मानधनही आलं. पण ते किताब मिळवणाऱ्यांना. जत्रेत आयुष्यभर साडेचारची कुस्ती केलेल्याला सर्टिफिकेट कोण देणार?

ज्यांना जमतं ते वस्ताद होतात. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी; १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य; १९६४ ला टोकियो ऑलिंपिक. त्यानंतरचं उभं आयुष्य त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरं घडवण्यात घातलं. इकडचं जवळचं नाव हरिश्चंद्र बिराजदारांचं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा गडी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झाला, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यानं दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवलं. ती कुस्ती म्हातारे लोक अजून हातवारे करून सांगतात. लंगोट उतरवल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बसले. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडत होता. २०११ मध्ये वस्ताद गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलनं सुवर्ण जिंकलं आणि ते वस्तादांना अर्पण केलं. पुढे त्यालाही राज्य सरकारनं पोलीस उपअधीक्षक केलं. नोकरीची वाट अजून त्याच खात्यातून जाते, फक्त हुद्दा वाढला.

वस्तादाचं निम्मं काम मातीचं. तांबडी माती चाळून हौदात भरायची. त्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव, कापूर घालायचा. खोऱ्यानं रोज उकरायची. घट्ट झाली तर पाठ सोलते, फार भुसभुशीत झाली तर पायाला धर मिळत नाही. मुठीत दाबून सोडली की ढेकूळ निम्मं फुटावं, असा बेत. फोमच्या मॅटला यातलं काही लागत नाही. पण मॅटची किंमत तालुक्यातल्या साध्या तालमीच्या आवाक्यात कुठली?

गुडघे वाकत नाहीत म्हणून असा वस्ताद हौदात उतरत नाही, कठड्यावर बसतो. पोराला जवळ बोलावून स्वतःचं मनगट पुढे करतो. पोरगं बिचकत धरतं. अंगठ्याच्या बाजूनं एक हिसका, की हात मोकळा.

‘काय बे, बांगड्या भरायला आलास काय? अंगठा खाली घे. हां. आता सोडवून दाखवतो का बघ.’

या खेपेला त्यालाही जरा जोर लावावा लागतो.