राजीव चौकात हात सुटला तर

नोएडाहून निघालेली ब्लू लाईनची मेट्रो यमुना ओलांडते, सुप्रीम कोर्ट स्टेशन सोडून जमिनीखाली शिरते आणि बाराखंबा रोड गेलं की डब्यातली निम्मी माणसं दरवाजाकडे तोंड करून उभी राहतात. कुणी काही बोलत नाही. पाठीवरच्या बॅगा तेवढ्या पोटावर येतात. तुम्ही दिल्लीत नवीन असाल, तर एवढ्यावरून ओळखा की राजीव चौक आला.

दिल्लीला फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी इथे गाडी बदलावी लागते. कनॉट प्लेसच्या मधोमध जी गोल बाग आहे, उंच तिरंगा फडकणारं सेंट्रल पार्क, त्याच्या पोटात हे स्टेशन आहे. वर १९२९ ते १९३३ या काळात उभी राहिलेली पांढऱ्या खांबांची गोल बाजारपेठ, खाली दोन मजल्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मेट्रो. वरच्या मजल्यावर ब्लू लाईन, त्याखाली यलो लाईन. यलो लाईन इथे ३ जुलै २००५ रोजी आली, ब्लू लाईन त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवशी हे जंक्शन झालं आणि तेव्हापासून दिल्लीकर इथे जिने चढतोय-उतरतोय.

मी नोएडात नोकरीला आले त्याला आता तीन वर्षं होतील. गेल्या हिवाळ्यात आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. आई डोंबिवलीची. अंधेरीच्या ऑफिसात २७ वर्षं नोकरी केली, म्हणजे २७ वर्षं रोज दोनदा दादरला गाडी बदलली. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर, संध्याकाळी उलट. २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे पुढे ८ ते १४, तरी ती अजून जुनेच आकडे सांगते. अशा बाईला मी नोएडातून निघताना विचारलं, ''गर्दीत जमेल ना गं तुला?'' तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

आम्हाला चांदणी चौकात जायचं होतं. ब्लू लाईनमधून उतरायचं, जिन्याने खाली जायचं, समयपूर बादलीकडे जाणारी यलो लाईन पकडायची आणि तिसऱ्या स्टेशनवर उतरायचं. सोपं आहे. पाट्यांवर निळा आणि पिवळा रंग आहे, बाण आहेत, हिंदी-इंग्रजी घोषणा आहेत. शम्मी नारंग यांचा तो भारदस्त हिंदी आवाज आणि रिनी सायमन खन्ना यांचा इंग्रजी आवाज दिल्लीकरांना घरातल्या माणसांसारखा पाठ आहे.

खाली फलाटावर आम्ही पुढच्या टोकाला गेलो. दिल्ली मेट्रोत गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, २०१० पासून. जमिनीवरच्या गुलाबी खुणा बघून उभं राहायचं. गाडी आली. मी मोबाईलवर काहीतरी बघत होते, खोटं कशाला बोलू, मघाशी काढलेला आईचाच फोटो नीट आलाय का ते बघत होते. आईने मात्र दादरला करते तेच केलं. दरवाजा समोर आला की खांदा पुढे घालायचा आणि आत. ती आत गेली, तिच्यामागे चार-पाच जणी गेल्या, मी पुढे सरकले आणि दरवाजा बंद झाला.

मुंबईची लोकल माहीत असणाऱ्यांनी इथे जरा थांबा. साध्या लोकलला दरवाजा असतो पण तो बंद होत नाही. उशीर झाला तर आतला कुणीतरी हात देतो, नाहीतर आत चढलेला माणूस गाडी हलायच्या आत खाली उतरतो. चूक दुरुस्त करायला दोन-चार सेकंद मिळतात. (असं करू नये, हे रेल्वे रोज सांगते आणि ते खरंच आहे.) मेट्रो तेवढेही सेकंद देत नाही. दार एकदा लागलं की आतलं माणूस आत आणि बाहेरचं बाहेर. काचेतून आईचा चेहरा दिसला. ती घाबरलेली नव्हती, माझ्यावर चिडली होती. मग काच पुढे गेली.

आता खरी गोष्ट ऐका. आईचा मोबाईल माझ्या बॅगेत होता, चार्जिंगला लावलेला. दोघींची क्यूआर तिकिटं माझ्या मोबाईलमध्ये होती. म्हणजे आईजवळ फोन नाही, तिकीट नाही, आणि तिकिटाशिवाय स्टेशनाबाहेर पडता येत नाही. सगळं ''सोपं व्हावं'' म्हणून मीच केलेलं.

माझ्या डोक्यात एकदम दहा विचार. पुढच्या गाडीने जावं? पण ती पुढच्या स्टेशनवर उतरून परत इकडे यायला निघाली तर? मग ती इथे आणि मी तिथे. इथेच थांबावं? मग ती चांदणी चौकापर्यंत जाऊन बसली तर? स्टेशनचं नाव तिच्या लक्षात असेल का? एक गाडी गेली. दोन-तीन मिनिटांत दुसरी आली, तीही गेली. मी फलाटावर तीन वेळा इकडून तिकडे गेले. सीआयएसएफच्या जवानाकडे जावं असं ठरवत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

''मी उतरलेय पुढच्याच स्टेशनला. नवी दिल्ली लिहिलंय. बायकांच्या डब्याच्या पाटीखाली उभी आहे. धावत येऊ नकोस.''

डब्यातल्या एका कॉलेजच्या मुलीला आईने आपल्या मुंबईच्या हिंदीत सांगितलं होतं, ''बेटा, मेरी मुलगी को फोन लगाव ना.'' ती मुलगी तिच्याबरोबर नवी दिल्लीला उतरली आणि मी येईपर्यंत थांबली. आणि नंबर? आईला माझा नंबर तोंडपाठ होता. मला तिचा येत नाही. तुम्हाला किती जणांचे येतात, एकदा मोजून बघा.

मी पोचले तेव्हा ती खरोखर त्याच पाटीखाली होती, एक पाऊल इकडे-तिकडे नाही. मी रडवेली. ती म्हणाली, ''अगं, तू पाच वर्षांची असताना दादरच्या पुलावर तुला काय सांगितलं होतं? हात सुटला तर हलायचं नाही. गाडीत असलीस तर पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि तिथेच थांबायचं. मग मी कशी हलेन?'' हे तिने मला सांगितलं होतं, शंभरदा. मीच विसरले होते.

तेव्हा तुम्ही आई-बाबांना किंवा मुलांना घेऊन दिल्लीला येत असाल, तर घरूनच हे ठरवून निघा. जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनला उतरायचं, मागे राहिलेल्याने तिथे जायचं, आणि दोघांनी भेटण्याची जागा म्हणजे तोच डबा. प्रत्येकाजवळ स्वतःचं मेट्रो कार्ड किंवा तिकीट हवं. मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी. गर्दीत एक गाडी सोडली तरी काही बिघडत नाही, मागची येतेच.

आणि जमत असेल तर राजीव चौक टाळाच. हे ऐकून जुने दिल्लीकर हसतील, पण आता ते शक्य आहे. नोएडाहून गुरुग्रामला जाणाऱ्यांना पूर्वी इथेच यावं लागायचं. २०१८ मध्ये मॅजेंटा लाईन जनकपुरी वेस्टपर्यंत पूर्ण झाली, तेव्हापासून बॉटॅनिकल गार्डनहून हौज खासला जाऊन यलो लाईन मिळते. मंडी हाउसलाही व्हायलेट लाईन आहे. नव्या मार्गांनी राजीव चौकाचा भार बराच वाटून घेतलाय, तरी संध्याकाळी सहाला इथे याल तर तुमचा विश्वास बसणार नाही.

गर्दीचंच म्हणाल तर जपानच्या शिंजुकु स्टेशनपुढे आपण काहीच नाही. तिथे रोज लाखो प्रवासी आणि २०० हून जास्त बाहेर पडायचे रस्ते. जपान आठवायचं कारण म्हणजे दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातला मोठा खर्च जपानच्या कर्जातून झाला. आणि ती मेट्रो उभारणारे ई. श्रीधरन दिल्लीत आले ते आपली कोकण रेल्वे बांधून. हे सांगितल्यावर आईचा मेट्रोवरचा राग थोडा उतरला. रत्नागिरीला माहेर आहे तिचं.

मराठी कानावर पडायची असेल तर मात्र राजीव चौकात थोडं रेंगाळा. इथून द्वारकेच्या बाजूला पुढचंच स्टेशन रामकृष्ण आश्रम मार्ग, त्याच्या जवळ पहाडगंजची नूतन मराठी शाळा. आणखी पुढे करोल बाग, तिथे खानापूर-आटपाडीकडून आलेले सोनं गाळणारे गलाई कारागीर आहेत आणि यूपीएससीच्या अभ्यासाला आलेली आपली मुलं. त्या दिवशी परतताना जिन्यावर दोघं पूर्व परीक्षेच्या कटऑफवरून अस्सल सातारी भाषेत भांडत होते. आई वळून त्यांना म्हणाली, ''जेवलात का रे?'' दोघंही लाजले.

परतीच्या फलाटावर आई गाडी आली तरी हलली नाही. ब्लू लाईन यमुना बँकला फुटते, एक फाटा नोएडाला आणि दुसरा वैशालीला, हे मी तिला सकाळी सांगितलं होतं. तिने आधी वरची पाटी वाचली. ''वैशाली आहे. सोड.'' मागची गाडी नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीची होती. या वेळी तिने मला पुढे घातलं आणि मग स्वतः चढली.