पन्नास दिवसांची अट

चि. सोनूस,


क्रेडिट कार्ड आल्याचं आणि त्यावर फ्रिज घ्यायचा बेत ठरल्याचं तुझ्या बाबाकडून कळलं. ‘पन्नास दिवस पैसे बिनव्याजी मिळतायत, मग एफडी कशाला मोडू?’ असं तू त्याला म्हणालीस. म्हणणं चूक नाही. पण त्या पन्नास दिवसांना एक अट जोडलेली असते आणि ती तुला कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही. पतपेढीत माझी सगळी नोकरी व्याजाची आकडेमोड करण्यात गेली, तेव्हा हे काम माझंच. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहून कळवते आहे.

आधी दिवसांचा हिशेब. तुझं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि पैसे भरायला पुढे वीस दिवस मिळतात, म्हणजे ३० तारखेपर्यंत. ११ जूनला फ्रिज घेतलास तर तो १० जुलैच्या बिलात येईल आणि पैसे ३० जुलैला द्यावे लागतील. झाले ४९ दिवस. तोच फ्रिज १० जूनला घेतलास आणि त्याच दिवशी नोंद झाली, तर तो त्याच दिवशीच्या बिलात बसेल आणि पैसे ३० जूनला, म्हणजे २० दिवसांत द्यावे लागतील. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तरच जवळजवळ पन्नास दिवस पदरात पडतात. मोठी वस्तू घेताना एवढी तारीख जरूर बघ. भाजी, औषधं, पेट्रोल यांच्यासाठी मात्र तारखा बघत बसू नकोस.

आता अट. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. बिनव्याजी मुदत मिळते ती एकूण रक्कम शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण भरणाऱ्याला. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क टळतं आणि खातं थकीत ठरत नाही. त्यापलीकडे तिचा काही उपयोग नाही, व्याज तिने थांबत नाही.

फ्रिज ४०,००० रुपयांचा धर. १० जुलैच्या बिलात ४०,००० आले आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये. महिनाअखेर होती, हात आखडता होता, म्हणून तू ३० जुलैला २,००० भरलेस. राहिले ३८,०००. पुष्कळांना वाटतं की आता व्याज ३० जुलैपासून लागेल. तसं असतं तर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने १० ऑगस्टच्या बिलापर्यंतच्या अकरा दिवसांचे ४८१ रुपये झाले असते. पण व्याज मोजलं जातं खरेदीच्या तारखेपासून. ११ जून ते १० ऑगस्ट हे ६० दिवस धरले की ३८,००० वर २,६२४ रुपये होतात. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचे ४७२. एकूण ३,०९६ रुपये. बिनव्याजी म्हणून जे दिवस तू वापरलेस त्यांचंही व्याज मागे जाऊन वसूल झालं. पतपेढीत कर्जदार थकला तर आम्ही थकल्या तारखेपासून जादा आकारायचो. इथे तर मुदतच पुसली जाते. हे मी तुला अगदी कळकळीने सांगते आहे, कारण शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या माणसांनाही हे ठाऊक नसतं.

दुसरा फटका याहून छुपा आहे. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. १२ जुलैला तू किराणा भरलास, १८ ला गॅसचे पैसे दिलेस, तर त्या रकमांवर त्या-त्या दिवसापासून व्याज सुरू. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे क्यूआर कोडवर दिलेले दीडशे-दोनशे रुपयेही याच खात्यावर चढत राहतात. पुढे तू सगळी बाकी चुकती केलीस तरी त्याच्या पुढच्या बिलात थोडं व्याज येऊ शकतं. ते आधीचं बिल निघाल्यापासून तू पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. ते बघून गोंधळू नकोस. तेही पूर्ण भर.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर मनातही आणू नकोस. त्याला एक दिवसाचीही मुदत नाही. शुल्क वेगळं आणि व्याज काढल्या दिवसापासून. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाले तर मुद्दल किती, व्याज किती आणि सूट किती हे लिहून माग. बहुतेक वेळा व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुझ्याच माथी येते.

बँकेला ही बिनव्याजी मुदत परवडते कशी, असं तू विचारशील. बहुतेक खरेद्यांमागे दुकानदाराकडून थोडी टक्केवारी कापली जाते, आणि जे पूर्ण बिल भरत नाहीत ते ४२ टक्क्यांसारख्या दराने व्याज देतात. वेळेवर भरणाऱ्याची मुदत या दोघांच्या पैशावर चालते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द झाला. दर ठरवणं आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, तो रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याचा मुद्दा मला कळतो, पण ४२ टक्के हा दर मला आजही अन्यायाचा वाटतो. गृहकर्ज याच्या कितीतरी कमी दराने मिळतं त्याच देशात हे चालतं.

तुझ्या बाजूचे काही नियमही आहेत, ते माहीत असू देत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिल वेळेत मिळालं पाहिजे आणि भरायला निदान पंधरवडा मिळाला पाहिजे. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. मात्र ही सवड शुल्कापुरती आहे, व्याजालाही ती मिळेल असं धरून चालू नकोस. आणि बिलाची तारीख निदान एकदा बदलून मागायचा तुला हक्क आहे. तो तू वापरायलाच हवास. तुझा पगार १ तारखेला होतो आणि बिलाची मुदत संपते ३० ला, खात्यात सगळ्यांत कमी पैसे असतात तेव्हा. बिल १५-१६ तारखेच्या सुमाराला निघालं तर शेवटची तारीख पगारानंतर ४ ते ६ च्या सुमाराला येईल आणि पूर्ण रक्कम सहज भरता येईल.

फ्रिज अवश्य घे, कार्डावरच घे. एफडी मात्र जुलैअखेरीस मोडायची तयारी ठेव, नाहीतर तेवढे पैसे आत्ताच बचत खात्यात बाजूला काढून ठेव. त्याआधी एक काम आजच कर. बँकेच्या अॅपमध्ये ऑटोपे उघडून बघ. तिथे ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ निवडलेलं असेल तर ते बदलून ‘टोटल अमाउंट ड्यू’ कर आणि झालं की मला कळव.

तुझी,
आत्या